गाठ अंडाशयाची, भीती कर्करोगाची

‘सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसते आहे’ एवढे वाक्य ऐकले, की बाईचे आणि तिच्याहून जास्त घरच्यांचे हातपाय गार पडतात. गाठ म्हणजे कर्करोग हे समीकरण मनात इतके पक्के बसले आहे, की डॉक्टर पुढे काय सांगतात ते कोणी ऐकतच नाही. मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर रिपोर्ट कपाटात जातो आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. नाही तर घाबरून ‘डॉक्टरसाहेब, सगळेच काढून टाका, मागे कटकट नको’ असे सांगितले जाते. दोन्हींत नुकसान बाईचेच. पाळी चालू असलेल्या वयात अंडाशयाच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि ज्यांना शस्त्रक्रिया लागते त्यांतही पुष्कळदा नुसती गाठ काढून अंडाशय वाचवता येते.

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असते. आकाराने सालासकट बदामाएवढे. दर महिन्याला त्यात एक पाण्याचा फोड तयार होतो आणि तो फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. कधी तो फुटत नाही आणि वाढत लिंबाएवढा होतो. ही खरे तर गाठ नव्हेच. दोन-तीन पाळ्यांत ती बहुधा आपोआप जिरते. म्हणून रिपोर्टात ५ सेंटिमीटरपर्यंतचा साधा पाण्याचा फोड असेल आणि त्रास नसेल, तर शस्त्रक्रियेची घाई करू नये. ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करावी. ‘पुड्यांनी गाठ विरघळवून देतो’ म्हणणाऱ्यांची आपल्या भागात कमतरता नाही. त्यांचे नाव झालेले असते ते अशाच फोडांवर!

न जिरणाऱ्या गाठींत तरुण मुलींमध्ये नेहमी आढळणारी म्हणजे डरमॉईड. तिच्यात चरबी, केस आणि कधी कधी चक्क दात निघतात. ‘पोटात केस गेलेच कसे? कोणी करणी तर केली नाही ना?’ हा प्रश्न आजही कानावर येतो. करणीबिरणी काही नाही. ज्या बीजपेशीपासून आख्खे मूल घडू शकते, तीच पेशी वाट चुकून वाढू लागली की केस, कातडी, दात असे जमेल ते घडवते. दहांतील एखादीला ही गाठ दोन्ही बाजूंना असते. दुसरी एक गाठ चिकट द्रवाने भरलेली असते. ती संत्र्याएवढी असताना कळत नाही आणि पाहता पाहता टरबुजाएवढी होते. मासिक रक्त साचून झालेली ‘चॉकलेट’ गाठ निराळी. तिचे उपचारही निराळे, तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

या गाठी उशिरा कळतात, कारण पाळी बहुधा नियमित असते. ओटीपोट जड वाटते, लघवीला वारंवार जावे लागते, परकराची नाडी घट्ट होते, आणि घरचे म्हणतात गॅस आहे. अविवाहित मुलीचे पोट वाढले, तर आईला भलतीच शंका येते. वर्धा रोडकडच्या एका गावातील अशी एक मुलगी दवाखाना बंद होताना, कोणी पाहू नये म्हणून तोंडाला ओढणी गुंडाळून, माझ्याकडे आणली होती. शेजारपाजारच्या कुजबुजीने तिने कॉलेज सोडले होते. तपासणीत दिवस गेलेले नव्हते. सोनोग्राफीत मोठी गाठ निघाली. मेडिकलमध्ये शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, अंडाशयाचा निरोगी भाग ठेवता आला. त्या आईचा पहिला प्रश्न होता लग्नाचा. मी सांगितले ते असे: दुसरे अंडाशय शाबूत आहे, एका अंडाशयावरही पाळी येते आणि मूलही होते.

ज्या लक्षणाला थांबायचे नाही, ते म्हणजे अचानक उठलेली तीव्र कळ. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूला असह्य दुखते, उलट्या होतात. अशा वेळी मुतखडा किंवा पित्त समजून इंजेक्शनावर रात्र काढू नये. मेडिकल किंवा मेयोत मध्यरात्रीही नेता येते. पीळ वेळेत सोडवला, तर काळेनिळे पडलेले अंडाशयही बरेचदा वाचते.

निदानाचा पाया सोनोग्राफी. गाठीत नुसते पाणी आहे की घट्ट भाग, पडदे आहेत का, पोटात पाणी आहे का, हे तीतून दिसते. सोबत सीए-१२५ ही रक्ततपासणी सांगितली जाते. तिचा आकडा वाढलेला पाहून रडारड करू नये. चॉकलेट गाठीत, पाळीच्या दिवसांत आणि आपल्याकडे नेहमीच्या असलेल्या पोटाच्या क्षयरोगातही तो वाढतो. उलट पाळी गेलेल्या बाईच्या गाठीकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहावे. आणखी एक: संशयास्पद गाठीत बाहेरून सुई टोचून पाणी काढू देऊ नका, आतले द्रव पोटात सांडण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रियेला भिणाऱ्या भगिनींना मी अमेरिकेतील जेन क्रॉफर्डची गोष्ट सांगतो. १८०९ साली ही बाई पोटात गाठ घेऊन सुमारे ६० मैल घोड्यावरून डॉ. मॅकडॉवेल यांच्या गावी गेली. भूल तेव्हा नव्हतीच. शुद्धीवर असतानाच त्यांनी सुमारे १० किलोची अंडाशयाची गाठ २५ मिनिटांत काढली. पाचव्या दिवशी ती स्वतःचे अंथरूण आवरताना डॉक्टरांना दिसली, आणि पुढे ३२ वर्षे जगली. आज भूल आहे, रक्तपेढी आहे, प्रतिजैविके आहेत. लहान गाठ दुर्बिणीने काढली, तर एक-दोन दिवसांत घरी जाता येते. पोट उघडावे लागले तर साधारण चार-पाच दिवसांत. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

सहीपूर्वी मात्र एक प्रश्न जरूर विचारा: नेमके काय काढणार? गाठ, एक अंडाशय, की गर्भपिशवीसुद्धा? तरुण बाईची साधी गाठ काढताना गर्भपिशवी काढण्याचे सहसा कारण नसते. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर महिलांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दोन्ही अंडाशये गेली, तर पाळी एका दिवसात बंद होते. अंगाची लाही, झोप उडणे आणि पुढे हाडे ठिसूळ होणे मागे लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याने कोणाचा अपमान होत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी धरून का होईना, चालायला लावावे. भाताने टाके पिकतात, उन्हाळ्यात टाके चिघळतात, या समजुतींना आधार नाही. टाके पिकतात ते जंतूंनी. वरण-भात, भाजी, अंडे सारे चालते. सावजीचा रस्सा थोडे दिवस राहू द्या, तो टाक्यांसाठी नव्हे, पोटासाठी. आपल्या मे महिन्यात पाणी भरपूर प्यावे. पोट उघडले असेल, तर सहा आठवडे जड उचलणे नाही. ही सूचना बाईपेक्षा नवऱ्याने नीट ऐकावी, कारण पाण्याचे गुंड त्यालाच उचलायचे आहेत. ताप, टाक्यांतून दुर्गंधी स्राव, पोट फुगून उलट्या किंवा एका पायाला सूज आली, तर लगेच दाखवावे.

आणि तपासणीचा कागद. काढलेली गाठ नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवतात. सगळे मोबाइलवर फोटो काढतात. महिन्याने माझ्याकडे येतात तेव्हा फोटो असतो, रिपोर्ट नसतो. गाठ साधी की कशी, हे डोळ्यांनी पाहून पक्के कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. आठ-दहा दिवसांनी केसपेपर घेऊन जावे, रिपोर्ट घ्यावा, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावा. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि जुनी सोनोग्राफी एकाच पिशवीत ठेवावी आणि पुढच्या तपासणीला ती पिशवी सोबत न्यावी.