तरंगत्या ब्रिजचा पासंग

मार्केटयार्डात तराजू एका बाजूला झुकला की आधी पासंग बघतात, तराजू कोणी भंगारात टाकत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तरंगत्या ब्रिजच्या नशिबी मात्र हा न्याय नाही. परवा सावेडीतला एक कॉलेजचा मुलगा गिटार घेऊन आला. ब्रिज मागून चांगलाच उचललेला, तारा इतक्या उंच की दाबता दाबता बोटं दुखावीत. "दादा, ब्रिज खराब निघाला, काढूनच टाका." खराब काहीच नव्हतं. त्याने नऊच्या पातळ तारा उतरवून दहाच्या जाड चढवल्या होत्या, एवढंच.

पुढून सहा तारा ब्रिजला ओढतात आणि गिटारच्या पाठीतल्या पोकळीतल्या स्प्रिंगा उलट बाजूला. मधे दोन खांबांच्या टेकूवर ब्रिज तोललेला. नऊच्या संचाची ओढ मिळून 38 किलोच्या आसपास, दहाच्या संचाची 47 च्या घरात. एका पारड्यात आठ-नऊ किलो वाढवायचे आणि दुसऱ्याला हातही लावायचा नाही, मग काटा मध्यावर कसा राहील?

यातूनच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज येतो: वाकडा ब्रिज सरळ करायला समोरचे दोन खांब फिरवायचे. खांबांनी फक्त उंची बदलते. कल सुधारायचा तर पाठीवरचं झाकण काढा. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात, तिचे लाकडात गेलेले दोन लांब स्क्रू हाच पासंग. ब्रिज मागून उचलला असेल तर ते कसा, आत बसला असेल तर सैल करा. अर्धा फेरा, पुन्हा सगळ्या तारा सुरात, मग पुन्हा अर्धा फेरा. ब्रिज अंगाला समांतर दिसेपर्यंत हेच. तारा ताणलेल्या असताना खांब फिरवलेत तर ब्रिजची सुरीसारखी धार घासते. धार गेली की ब्रिजला लावलेली दांडी दाबून सोडल्यावर ब्रिज मूळ जागी परतत नाही, आणि मग खरोखरच खर्च येतो.

"एक एक तार लावून झाली, तरी पहिली उतरलीच कशी?" उतरणारच. सहावी चढवली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि आधीच्या पाची ढिल्या पडतात. तीन-चार वेळा फिरून यावं लागतं. नवरात्रात मोहट्याला आराध्याच्या हातातलं चौंडकं पाहा: तार ताणली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. इथे तेच चाललंय, फक्त सहा तारा एकाच हातात आहेत. म्हणूनच कार्यक्रमात एक तुटली की उरलेल्या पाच चढ्या बोलतात, आणि म्हणूनच संच बदलताना एक काढून एकच घालावी.

जास्त स्प्रिंगा म्हणजे पक्का सूर, हेही खरं नाही. तीन घट्ट असोत की पाच सैल, तोल तारांच्या ओढीशीच साधायचा असतो. पाच लावल्या की दांडी जड होते, इतकंच.

तारा मानेच्या टोकाला, नटपाशी, कुलूपबंद करणारा ब्रिज फ्लॉइड रोझने आणला. त्याचं पेटंट 1979 चं. कुलूप आहे म्हणजे सूर हलणारच नाही, अशी अनेकांची समजूत. कुलूप नटपाशी तार सरकू देत नाही, बस्स. नवी तार ताणून न घेता कुलूप लावलंत तर ती पुढेही सैलावतच राहणार. साध्या नटच्या गिटारीत बहुतेक दोष खाचेत अडकणाऱ्या तारेचा असतो. तिथे पेन्सिलीचं शिसं घासून बघा, मग ब्रिजकडे वळा.

नावाचाही घोळ आहेच. दांडीने स्वर वरखाली होतो, म्हणजे ते व्हायब्रेटो. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. लिओ फेंडरने 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरवर 'ट्रेमोलो' हे उलटं नाव घातलं, ते चिकटलं.

हवेचं म्हणाल तर एकाच अहिल्यानगर जिल्ह्यात घाटघरचा कोसळणारा पाऊस आणि पाथर्डीची कोरडी हवा. लाकूड आधी मानेत बोलतं. मान सरळ आहे ना, हे न पाहता स्प्रिंगा पिळू नका.

शेवटचा गैरसमज अभिमानाचा: खरा वादक ब्रिज तरंगताच ठेवतो. 1972 मध्ये मेहेरबाबांच्या समाधीसाठी मेहेराबादला येऊन गेलेला 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड पुढे गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर वाजवू लागला. ती कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या ब्रिजमागे लाकडाचा ठोकळा ठोकलेला असतो, कारण क्लॅप्टनला दांडी लागतच नाही. तुम्हीही वर्षभरात दांडीला हात लावला नसेल, तर असा ठोकळा कोणताही सुतार तासून देईल. मापाला फक्त गिटार सोबत न्या.