कुत्र्याला घेऊन कोकणात? मांगर शोधा!

हुपरीकरांनो, सुट्टीत समुद्र गाठायचा आणि घरचा कुत्रा मागे ठेवायचा, हे मला पटतच नाही. त्याच्यासाठी हॉटेलच्या खोलीपेक्षा कोकणातला मांगर कितीतरी चांगला. मांगर म्हणजे वाडीतली गुरं, गवत आणि अवजारं ठेवायची इमारत. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, त्यामुळे आत गारवा. गुरं कमी झाली तसे काही मांगर रिकामे पडले. त्यांची डागडुजी करून न्हाणीघर जोडलं की राहायला झकास जागा होते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तिथे घरगुती निवास-न्याहारीची सोय आता गावोगावी आहे.

मालकांना आधी फोन करून स्पष्ट विचारा: कुत्रा चालेल का, कुंपण आहे का, वाडीत कोंबड्या मोकळ्या असतात का?

राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट उतरताना जंगलात त्याला मोकळं सोडू नका. रात्री तर आतच झोपवा, कोकणात बिबट्या कुत्री उचलतो. रेबीज आणि लेप्टोचं लसीकरण झालेलं हवं. गोचीड रोज तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं कासवांचं. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालतात आणि कुत्री ती उकरून खातात. त्या दिवसांत अशा किनाऱ्यावर कुत्र्याला नेऊच नका. इतरत्रही पट्टा हातातच ठेवा आणि फिरायला न्या तेही सकाळी लवकर, वाळू तापायच्या आत. समुद्राचं पाणी प्यायला तर उलट्या होतात, म्हणून गोड्या पाण्याची बाटली सोबत घ्या.