आधी नाव कळू द्या!

चलथाण-कडोदरा पट्ट्यातील डाईंग मिलमधल्या कामगारांची मुले माझ्याकडे येतात. एकदा बाटलीतले अनोळखी द्रावण प्यायलेले मूल आले. बाटलीवर नाव नव्हते. केवळ लक्षणांवरून उपचार केले. सुदैवाने ते वाचले.

रसायनांच्या विषारीपणाची माहिती अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘पबकेम’ या माहितीसंग्रहात २००४ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. मात्र शोधण्यासाठी नाव हवे!

६ जानेवारी २०२२ रोजी जवळच्याच सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रासायनिक कचऱ्याच्या वायूने ६ कामगार मृत्युमुखी पडले. वजनाच्या मानाने बालके प्रौढांहून अधिक हवा आत घेतात. त्यांना धोका अधिकच.

डॉक्टर बंधुभगिनींनो, आपापल्या परिसरातील मिलकडून रसायनांची यादी आजच मागून घ्यावी, ही नम्र विनंती.