‘दुर्लक्ष कर’ म्हणण्याआधी

वर्गातली मुलं त्रास देतात असं पोरानं घरी येऊन सांगितलं की तीन ठरलेली उत्तरं मिळतात. आई म्हणते, दुर्लक्ष कर. बाबा म्हणतात, दे एक ठेवून. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी याहून जास्त चालायचं, काय झालं आम्हाला? तिन्ही उत्तरांत काम लावलंय ते ज्याला त्रास होतो त्यालाच. शाळेतल्या दादागिरीबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज मोठ्यांच्या याच सोयीतून आलेले आहेत.

‘मुलं आहेत, मस्करी चालायचीच.’ चालते की. मधल्या सुट्टीत आऊट की नॉट आऊट यावरून दोघं एकमेकांच्या अंगावर गेले आणि दुसऱ्या दिवशी एकाच डब्यातून जेवले, तर ते भांडण; त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये. छळ कशाला म्हणायचं याची कसोटी डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञानं घालून दिली. १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये त्यांनी या विषयावर पहिलं मोठं संशोधन केलं. ती कसोटी अशी: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. हे बळ दंडातलंच असतं असं नाही. चौघांचा कंपू, मॉनिटरपद, वडिलांचं गावातलं वजन, ‘शुद्ध’ मराठी, आडनाव, यातलं काहीही पुरतं.

खेड्यातून शहरातल्या शाळेत आलेला एखादा मुलगा पहिल्याच आठवड्यात ‘पानी’ म्हणतो. मागच्या बाकावरून कोणीतरी तोच शब्द ओरडतं, वर्ग हसतो, कधी कधी बाईही हसतात. दिवाळीपर्यंत त्याचं नावच ‘पानी’ पडलेलं असतं आणि उत्तर येत असूनही तो हात वर करत नाही. त्याला कोणी बोटसुद्धा लावलेलं नसतं. जातीवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली की कंपूला असंच आयतं कोलीत मिळतं, तेही शिक्षकांच्या हातून.

जाडेपणा, चष्मा, बोलण्याची लकब यांमुळे मुलं लक्ष्य होतात, असंही सर्रास मानलं जातं. ओल्वेयस यांनी हे तपासून पाहिलं, तेव्हा त्यात फारसं तथ्य निघालं नाही. चष्मा वर्गातल्या कितीतरी पोरांना असतो. चिडवलं जातं एकालाच. चष्मा हे निमित्त. तेव्हा ‘तू जरा बारीक हो, मग नाही चिडवणार’ हा सल्ला व्यर्थ आहे, वर क्रूरही.

आणि दादा? तो आतून घाबरट, न्यूनगंडानं पछाडलेला असतो, हे आपण सिनेमांतून शिकलो. अभ्यासांतून असं सरसकट चित्र दिसत नाही. बरेचदा तो आत्मविश्वासानं वागणारा, वर्गात वट असलेला मुलगा असतो. दादागिरीनं ती वट आणखी वाढते, म्हणून तो थांबत नाही. पण त्याला मोकळं सोडणं त्याच्याही हिताचं नाही. सहावी ते नववीत दादागिरी करणाऱ्या ज्या मुलांचा ओल्वेयस यांनी पुढे मागोवा घेतला, त्यांतल्या सुमारे ६० टक्के जणांना वयाच्या २४ वर्षांपर्यंत निदान एका गुन्ह्यात शिक्षा झाली होती.

वट वाढते ती बघ्यांमुळे, आणि सगळ्यात कमी लक्ष आपण त्यांच्याकडेच देतो. कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या संशोधकांनी शाळेच्या मैदानात कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर माइक लावून हे प्रकार टिपले. दहापैकी जवळजवळ नऊ वेळा इतर मुलं तिथं हजर होती. मध्ये पडलं कोणी, ते पाचातून एखाद्या वेळी. मात्र जेव्हा कोणी पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठानं शाळांसाठी तयार केलेला ‘किवा’ हा कार्यक्रम याच बघ्यांवर बेतलेला आहे. मुलींमध्येही बघे असतातच, फक्त तिथं अनेकदा मारहाण नसते. एकीला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, बाकीच्या मुकाट्यानं त्यात जातात. त्यातल्या एकीनं जुन्या ग्रुपवर ‘उद्या डबा माझ्याबरोबर खा’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ होतं.

बाबांच्या सल्ल्याची गोम अशी, की बळ सारखं असतं तर प्रश्नच आला नसता. शिवाय पोरानं एक ठेवून दिलीच, तर शिक्षकांना बहुधा तेवढीच दिसते आणि डायरीत लाल शेरा यालाच मिळतो. आजोबांचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा झाला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंताविकारांचं प्रमाण जास्त आढळलं.

रॅगिंग फक्त मेडिकल-इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात होतं, हा आणखी एक गैरसमज. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं आणि खोड्या काढणं हे सगळं येतं. शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृह आणि शिकवणीचे क्लासही आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. त्यानं कानाडोळा केला, तर तोही गुन्ह्याला प्रोत्साहन देणारा ठरतो. शाळकरी पोराला तुरुंगात धाडायला हे सांगत नाही. ‘बघतो, बोलतो त्याच्याशी’ म्हणून वाटेला लावणाऱ्या प्रमुखापुढे बसताना पालकाला हे ठाऊक असलेलं बरं.

पोरं मात्र सांगत नाहीत. ‘चहाडखोर’ ठरण्याची भीती असते, बाबा शाळेत येऊन तमाशा करतील ही त्याहून मोठी. म्हणून ‘कोणी त्रास देतं का’ असं थेट विचारण्यापेक्षा डबा कोणाबरोबर खाल्लास, व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं, हे विचारावं. घरी आल्या आल्या पोर रोज दप्तर टाकून बाथरूमकडे धावत असेल, तर शाळेतल्या बाथरूममध्ये काय चालतं याची चौकशी करावी. मोठ्यांची नजर नसते, अशा जागांपैकी ती एक.

तक्रार लेखीच द्यावी. तारीख, जागा, कोण हजर होतं, हे लिहावं, ग्रुपवरच्या मजकुराचे स्क्रीनशॉट जोडावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. शाळा दाद देत नसेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. दोघांना समोरासमोर बसवून ‘हात मिळवा बघू’ करायला शाळा सांगेल, त्याला ठाम नकार द्यावा. त्या खोलीत पोर ‘हो’ म्हणतं, आणि बाहेर पडल्यावर त्याची किंमत मोजतं. त्याऐवजी व्हॅनमधली जागा आणि बाक बदलून मागावा, सुट्टीत त्या कोपऱ्यात शिक्षक उभे राहतील का ते विचारावं आणि महिन्याभरानं पुन्हा जाऊन यावं. पहिल्या आठवड्यात सगळंच शांत असतं.