एस्तेर कीं हदस्सा?

मुलीचें नांव काय ठेवावें हा प्रश्न वरवर पाहतां लहानसा वाटतो. परंतु ज्या घरीं पाळणा हालूं लागतो त्या घरीं तो मोठा होऊन बसतो. आमच्या परिचयाच्या एका ख्रिस्ती कुटुंबांत नुकतीच कन्या जन्मास आली. आजीचें नांव एस्तेर. तेंच नातीस ठेवावें, अशी मुलीच्या वडिलांची इच्छा. आईचें म्हणणें असें कीं, एस्तेर नांवाच्या मुली मंडळींत पुष्कळ आहेत. शाळेंत एकीस हांक मारिली तर दोघी उठून उभ्या राहतात. म्हणून हदस्सा हें नवें नांव ठेवावें. आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत. परंतु आपलें नांव घरांतून जाणार, हें त्यांच्या मनास लागलें होतें. उभयतांनीं आमचें मत विचारिलें. त्या निमित्तानें आम्हीं जो विचार केला, तो विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हीं नांवें दोन असलीं तरी तीं दोन निराळ्या स्त्रियांचीं नव्हेत. जुन्या करारांतील एस्तेरच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, मर्दखय नांवाच्या यहूदी गृहस्थानें आपल्या चुलत्याची पोरकी मुलगी हदस्सा, म्हणजेच एस्तेर, हिचा प्रतिपाळ केला. संपूर्ण शास्त्रांत हदस्सा हें नांव याच एका ठिकाणीं येतें. पुढें ती इराणच्या अहश्वेरोश राजाची राणी झाली आणि जगानें तिला एस्तेर याच नांवानें ओळखलें. हदस्सा हें तिचें स्वजातीचें इब्री नांव, तर एस्तेर हें परक्या दरबारांत चालणारें नांव, असें पुष्कळ भाष्यकार मानतात.

अर्थाच्या दृष्टीनें दोन्ही नांवें सुंदर आहेत. इब्री भाषेंत हदस म्हणजे इंग्रजींत ज्यास मर्टल म्हणतात तें सदा हिरवें झुडूप. आपल्या मेंदीहून तें निराळें. त्याचीं पानें चुरगळलीं असतां सुवास सुटतो व त्यास पांढरीं फुलें येतात. यहूदी लोक मांडवांच्या सणांत त्याच्या डाहाळ्या वापरितात. एस्तेर या नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं पंडितांत मतभेद आहे. कोणी त्याचा संबंध बाबिलोनच्या इष्टार देवीशीं लावितात, तर कोणी तारा या अर्थाच्या फारशी शब्दाशीं. हें दुसरें मत खरें धरिलें तर फारशी ‘सितारा’ आणि आपला ‘तारा’ हे एकाच कुळांतील शब्द असल्यामुळें, एस्तेर व आपल्याकडील तारा या जणूं मावसबहिणीच ठरतात!

एकाच मुलीस दोन नांवें असणें महाराष्ट्रासही नवें नाहीं. कल्याणच्या घराण्यांतील यमुना लग्नानंतर आनंदी झाली आणि १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळवून डॉक्टर आनंदीबाई जोशी या नांवानें अमर झाली. सासरीं मुलीचें नांव बदलतांना तिची संमति घेण्याची चाल मात्र नव्हती.

आतां नव्या नांवाची परीक्षा कशी करावी? आमच्या मतें तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, तें नांव अंगणांतून मोठ्यानें हांक मारून पाहावें. आजीच्या तोंडीं तें कसें येतें व सोबतिणी त्याचें काय करतील, हें तेव्हांच कळतें. हदस्सा या नांवाची येथें थोडी अडचण आहे. हिंदी जाणणाऱ्यास तें ऐकून ‘हादसा’, म्हणजे अपघात, हा शब्द आठवण्याचा संभव आहे. दुसरी कसोटी लेखनाची. जन्माचा दाखला, शाळेचें पटपत्रक व पारपत्र यांत तें निरनिराळें लिहिलें गेल्यास मुलीस पुढें कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. तिसरी कसोटी सर्वांत मोठी: हें नांव मुलीच्या सुखासाठीं आहे, कीं आपल्या हौसेसाठीं? आईबापांच्या मनांतील भाव मुलीस जन्मभर वाहावा लागतो. मुलाची वाट पाहतां मुलगी झाली म्हणून तिचें नांव ‘नकुसा’ ठेवणारीं घरें आपल्याच प्रांतांत होतीं. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत अशा दोनशेंहून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं, तेव्हां कित्येकींची शाळेंतलीं वर्षें त्या एका शब्दाखालीं गेलीं होतीं.

तेव्हां आम्हीं त्या कुटुंबास असें सुचविलें कीं, शास्त्रांतील मुलीचीच वाट धरावी. दप्तरीं व मंडळींत एस्तेर हें आजीचें नांव असावें. घरांत मायेनें हदस्सा म्हणावें. मोठेपणीं ज्या नांवानें ओळखलें जाणें तिला आवडेल, तें तिनें पुढें करावें. हें ऐकून आजीबाईंनीं पाळण्यापाशीं जाऊन नवें नांव उच्चारून पाहिलें. दोनदां चुकलें, तिसऱ्यांदा नीट आलें.

आमच्या वाचक मुलींस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे. आपलें नांव घरोघर आढळतें म्हणून खिन्न होऊं नये आणि तें दुर्मिळ आहे म्हणून फुशारकीही मारूं नये. न बोलावितां राजापुढें जाणाऱ्यास मरणाची शिक्षा होती, हें ठाऊक असूनही ती पोरकी मुलगी आपल्या लोकांच्या प्राणांसाठीं आंत गेली. त्या दिवशीं तिच्या नांवाचा अर्थ तारा कीं झुडूप, हें कोणीं विचारिलें नसेल.