पहिल्या गोळीचा जड चाप

पिस्तुलाचा चाप ओढला की गोळी सुटते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आतली किती कामं त्या चापावर सोपवली आहेत, यावर हत्याराचा स्वभाव ठरतो. १८७३ चं कोल्ट ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ घ्या. त्याचा घोडा अंगठ्याने मागे चढवायचा. तो खाचेत अडकून बसतो आणि चाप फक्त ती अडकण सोडवतो. काम एकच, म्हणून जोर कमी लागतो आणि नेम ढळत नाही. डबल अ‍ॅक्शनमध्ये घोडा मागे नेणं, स्प्रिंग दाबणं आणि शेवटी घोडा सोडणं हे सगळं चापच करतो. लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्ये असं रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा घोड्यावर अंगठा लावायला जागाच ठेवली नव्हती. पुढे ब्यूमाँट या लष्करी अधिकाऱ्याच्या सुधारणेने दोन्ही पद्धती एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये आल्या.

खरा पेच ऑटोमॅटिक पिस्तुलात पडला. तिथे प्रत्येक गोळीनंतर स्लाइड मागे येताना घोडा आपोआप चढतो. त्यामुळे कोल्ट १९११, ब्राउनिंग हाय-पॉवर आणि त्यावरून ईशापूरला बनलेलं आपलं ९ मिमी पिस्तूल, ही सगळी सिंगल अ‍ॅक्शन. प्रश्न फक्त पहिल्या गोळीचा. घोडा चढवून, सेफ्टीच्या भरवशावर पिस्तूल कमरेला लावायचं, की चेंबर रिकामं ठेवून ऐन वेळी स्लाइड ओढत बसायचं? वॉल्थरच्या १९२९ च्या ‘पीपी’ने यातून वाट काढली: घोडा खाली, पहिली गोळी जड चापाने, पुढच्या हलक्या. अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये घेतलेलं बेरेटाही याच घराण्यातलं. त्याच्या पहिल्या ओढीला साधारण साडेपाच किलोंचा जोर लागतो, नंतर त्याच्या निम्म्याहून कमी.

नेमबाजीचे नामांकित शिक्षक जेफ कूपर यांना ही पद्धत अनावश्यक हुशारी वाटे. आक्षेप पोकळ नाही. पहिली गोळी जड, दुसरी एकदम हलकी, आणि या बदलात हात चुकतो. पण सरावाने सुधारते ती नेमाची चूक. दचकल्यावर मूठ आपसूक आवळली जाते, ती सरावाला फारशी जुमानत नाही. तिथे जड, लांब ओढ हीच सेफ्टी असते. पिस्तूल म्यानात घालताना खाली बसलेल्या घोड्यावर अंगठा ठेवला, तर चापात कापड अडकल्याचंही कळतं, कारण घोडा अंगठ्याखाली हलू लागतो.

मग ग्लॉक का जिंकलं? ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या या पिस्तुलाला बाहेर घोडाच नाही आणि प्रत्येक ओढ सारखी. हजारो जवानांना शिकवायला एकच सवय. ही सोय मोठी आहेच. अमेरिकी सैन्यही २०१७ मध्ये बेरेटा सोडून त्याच वाटेने गेलं. पण न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉक घेतलं ते चापाला मुद्दाम जड स्प्रिंग बसवून. हवा होता पहिल्या गोळीपुरता अडसर. तो प्रत्येक गोळीला लागला, आणि नेम बिघडतो ही तक्रार त्यांच्या मागे लागली. वॉल्थरच्या रचनेत तो अडसर पहिल्या गोळीबरोबरच संपत होता.