बेळगावचा भुईकोट: एका तटातली आठ शतके

बेळगावचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नसल्याने त्याची सगळी भिस्त खंदकावर आणि तटावर होती. लांबट गोल आकाराच्या या किल्ल्याने सुमारे १०० एकर जागा व्यापली असून भोवती रुंद, खोल खंदक आहे. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेला माणूस पायी किल्ल्यात पोचतो; शेजारीच किल्ला तलाव आहे आणि पुणे–बंगळूरचा जुना महामार्ग त्याच्या काठाने जातो. निपाणी, कोल्हापूरकडून येणारी वाट आणि घाट उतरून गोव्याकडे जाणारी वाट येथेच मिळतात. पठारावरून कोकण-गोव्याच्या किनाऱ्याशी चालणाऱ्या व्यापारावर नजर ठेवायची तर बेळगाव हाती हवे, हे प्रत्येक सत्तेने ओळखले होते. म्हणूनच हा किल्ला इतक्या हातांतून फिरला.

किल्ल्याचा ज्ञात इतिहास सौंदत्तीच्या रट्टांपासून सुरू होतो. तेराव्या शतकाच्या आरंभी चौथा कार्तवीर्य आणि त्याचा भाऊ मल्लिकार्जुन यांच्या काळात रट्टांची राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामास, म्हणजे आजच्या बेळगावास आली. त्यांचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास येथे जैन मंदिर बांधले. किल्ल्याची पहिली उभारणीही त्याच्याच नावावर सांगितली जाते. या मंदिराला दिलेल्या दानांचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. दान देणाऱ्यांत स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर लाट म्हणजे दक्षिण गुजरात आणि मलयाळ देश येथून आलेल्या व्यापाऱ्यांचाही उल्लेख येतो. आठशे वर्षांपूर्वीचे बेळगाव हे दूरदेशीच्या मालाची उलाढाल असलेले पेठेचे गाव होते, हे या लेखांवरून कळते.

रट्टांनंतर देवगिरीचे यादव आणि पुढे विजयनगर अशी सत्तांतरे झाली. १४७२ च्या सुमारास बहामनी वजीर महमूद गावान याने किल्ल्याला वेढा घातला. पाण्याने भरलेला खंदक आडवा होता. गावानच्या लोकांनी तटाखाली सुरुंग खणले, त्यांत दारू ठासली आणि तटाला खिंडारे पाडली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. दख्खनमध्ये वेढ्यासाठी दारूचा वापर झाल्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक आहे. बहामनी राज्य फुटल्यावर किल्ला विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. आज दिसणाऱ्या भक्कम तटाचा बराचसा भाग याच काळातला आहे. याकूब अली खान याने तट बांधल्याचा फारसी लेख किल्ल्यावर आहे. १६८६ मध्ये विजापूर पडले आणि बेळगाव मोगलांकडे गेले. नंतर हैदरअली, मग पेशवे, असा ताबा बदलत राहिला. १८१८ मध्ये पेशवाई संपताना टॉमस मन्रो याने वेढा घातला; किल्ल्यातल्या शिबंदीने एकवीस दिवस तग धरला आणि १० एप्रिल रोजी किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

प्रवेशद्वाराशी गणपती आणि दुर्गा यांची छोटी मंदिरे आहेत. किल्ल्याच्या रखवालीची जबाबदारी देवीवर सोपवण्याची रीत दख्खनच्या अनेक किल्ल्यांवर दिसते, तशी ती येथेही आहे. दारातून आत गेल्यावर गाव लागते तसे रस्ते, झाडे आणि कचेऱ्या लागतात. पडक्या बुरुजांचा ओसाड किल्ला पाहायच्या तयारीने आलेल्याला हे जरा चकवते. किल्ला आजही वापरात आहे.

किल्ल्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत देखणी वास्तू म्हणजे कमल बस्ती. जैन मंदिराला या भागात बस्ती म्हणतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या उत्तरकालीन शैलीतले हे मंदिर आकाराने मोठे नाही. गर्भगृहात नेमिनाथांची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे. सभामंडपातले खांब चरकावर धरून घडवल्यासारखे गुळगुळीत आहेत. त्यांच्या कडांवर प्रकाश सरकतो तेव्हा दगडाला धातूची चकाकी येते. खरे काम मात्र डोक्यावर आहे. मंडपाच्या छतातून एक मोठे कमळ खाली उमललेले आहे. वर्तुळामागून वर्तुळ लहान होत जाते, पाकळ्या एकमेकींवर येतात आणि मधला भाग झुंबरासारखा खाली लोंबतो. त्याच्या बहात्तर पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतल्या प्रत्येकी चोवीस तीर्थंकरांच्या मानल्या जातात. मंदिराला नाव या कमळावरूनच पडले. जवळच चिक्क बस्ती हे दुसरे, लहान जैन मंदिर आहे. कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान. तिच्या दर्शनी भागावरचे कोरीवकाम सावकाश पाहावे असे आहे.

बस्तीपासून थोड्या अंतरावर साफा मशीद लागते. आदिलशाही सरदार असद खान लारी याने ती १५१९ मध्ये बांधल्याचे तिथला फारसी लेख सांगतो. इराणातल्या लार गावाहून आलेला हा सरदार पुढे आदिलशाहीतल्या सर्वांत वजनदार माणसांपैकी एक झाला. बेळगावची जहागीर त्याच्याकडे होती. मशिदीचे काही खांब जुन्या मंदिरांमधले असून त्यांवर रट्ट आणि यादव काळातले लेख आहेत. नवी वास्तू उभारताना जुना घडीव दगड वापरायची पद्धत त्या काळी सर्वत्र होती. त्यामुळे एकाच छपराखाली तीन राजवटींची अक्षरे वाचायला मिळतात. असद खानाचा दर्गा कॅम्प, म्हणजे छावणी भागात आहे.

किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. परिव्राजक म्हणून भारतभर फिरणारे स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून बेळगावला आले. आधी ते वकील सदाशिवराव भाटे यांच्या घरी आणि नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे उतरले. हरिपद मित्र यांनी या मुक्कामाच्या विस्तृत आठवणी लिहून ठेवल्या आहेत. याच मुक्कामात स्वामीजींचे एक छायाचित्र बेळगावच्या एस. महादेव अँड सन या छायाचित्रकारांनी काढले, ते आजही छापले जाते. पुढच्याच वर्षी शिकागोची सर्वधर्मपरिषद झाली.

इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर येथली थंड हवा पाहून छावणी वसवली. ती आजचा कॅम्प. १८६९ मधले सेंट मेरी चर्च त्याच काळाची खूण आहे: दगडी बांधणी, टोकदार कमानी आणि भोवती मोठे आवार. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. १७६८ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या शिपायांच्या पलटणीपासून ही रेजिमेंट आपला इतिहास मोजते. कोल्हापूर, सातारा, सांगली, कोकण आणि सीमाभागातल्या घरांतून मुले भरती होऊन येथेच शिपाई होतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव याच रेजिमेंटचे होते. किल्ल्यात लष्कर, पूजास्थाने आणि प्रवासी एकत्र नांदण्याचा प्रकार जगात इतरत्रही आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा किल्ल्यात बाराव्या शतकातले सेंट मार्गारेटचे प्रार्थनामंदिर आहे आणि लष्कराची वस्तीही आहे. तिथे प्रवाशांची रीघ लागते. बेळगावचा किल्ला त्या मानाने निवांत पाहता येतो.

किल्ला पाहून झाल्यावर टिळकवाडीत जावे. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची व्यवस्था उभी केली. हजारो लोकांना पाणी पुरवायला खास विहीर खणली गेली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही जपलेली आहे आणि शेजारून जाणाऱ्या रस्त्याचे नावही काँग्रेस रोड आहे. दक्षिणेला शहापुरात कपिलेश्वराचे मंदिर आहे. बेळगावचे भाविक त्याला दक्षिण काशी म्हणतात. मग खडेबाजारात शिरावे. दुधाचा कुंदा तिथल्या मिठाईच्या दुकानांत मिळतो. पातळ, कुरकुरीत मांडे मात्र ताजे आणि नीट बांधून घ्यावेत. वाटेत त्यांचा चुरा होतो.

पावसाळ्यात येथे पाऊस धुवाधार असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. किल्ल्याचा काही भाग लष्कराच्या वापरात असल्याने तिथे शिरू नये आणि छायाचित्रे काढण्याआधी विचारून घ्यावे. बस्ती, मशीद आणि आश्रम एका सकाळीत आरामात पाहून होतात. वेळ थोडा असेल तर बाकीचे सोडावे, पण कमल बस्तीच्या छताखाली मान वर करून काही मिनिटे उभे राहावे. बेळगावात त्याच्या तोडीचे दुसरे कोरीवकाम नाही.